खोलीची दुसरी किल्ली

मावळात हॉटेल, लॉज, होमस्टे व भाड्याचे बंगले चालवणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंनो आणि भगिनींनो,

जिथे फक्त लोकल थांबते त्या घोरावाडीत परिषद भरवण्याचे धाडस स्वागत समितीने केले, तिचे कौतुक करतो. शेजारच्या डोंगरात शेलारवाडीची लेणी आहेत. तिथल्या एका शिलालेखात धेनुकाकटच्या एका शेतकरी कुटुंबातल्या स्त्रीच्या दानाची नोंद आहे. म्हणजे बोरघाटाच्या या वाटेवर मुक्कामाच्या जागा उभ्या करण्यात बायकांचा पैसा सुमारे दोन हजार वर्षांपासून आहे, आणि त्याच वाटेवर एकट्या बाईला खोली देताना आपण अजून दहा प्रश्न विचारतो. प्रथेप्रमाणे मी वर्षाचा आढावा घ्यायला हवा. 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला, पण इनपुट क्रेडिट गेले. 15 जून 2025 ला कुंडमळ्याचा पूल कोसळून चार जीव गेले, आणि पावसाळी बंदीहुकमांची चर्चा पुन्हा तापली. या सगळ्यावर सकाळी पुष्कळ बोलून झाले आहे आणि उरलेले अहवालात छापलेले आहे. मला आज एकाच गोष्टीवर बोलायचे आहे. ती बोलायला अध्यक्षाची खुर्ची मिळावी लागते, कारण सभेतून उठून बोलले की ‘वेळ संपली’ची चिठ्ठी येते.

सकाळच्या सत्रात ‘एकटीने प्रवास करणाऱ्या स्त्रियांची सुरक्षितता’ या विषयावर जे वाद झाले, ते महिलांसाठी वेगळा मजला, धोक्याचे बटण, वाढीव कॅमेरे आणि खोलीत लावायची सूचनांची पाटी यांच्याभोवती फिरले. एकानेही विचारले नाही की खोलीची दुसरी किल्ली कोणाकडे असते. माझे म्हणणे एवढेच आहे : आपल्या धंद्यात सुरक्षितता या नावाखाली जे काही चालते, ते जवळजवळ सगळे पाहुण्यापासून हॉटेलचे रक्षण करण्यासाठी आहे. हॉटेलपासून पाहुण्याचे रक्षण कोण करणार, हा प्रश्न आपण स्वतःला विचारलेला नाही. नोव्हेंबर 2008 चा मुंबईवरचा हल्ला झाला, फेब्रुवारी 2010 मध्ये पुण्यात जर्मन बेकरीत स्फोट झाला, आणि त्यानंतर ओळखपत्राची सक्ती, झेरॉक्स, दाराशी कॅमेरा, पोलिसांकडे जाणारी यादी हे सगळे घट्ट होत गेले. परदेशी पाहुणा असेल तर 24 तासांत त्याची माहिती कळवायची. हे करायलाच हवे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण या सगळ्या नोंदी एकाच दिशेने पाहतात. पाहुणी कोण, कुठून आली, कशासाठी आली, सोबत कोणी का नाही, हे आपल्याला ठाऊक असते. रात्री ड्यूटीवर कोण आहे, मास्टर की त्याच्या खिशात आहे की खिळ्याला टांगलेली आहे, मागच्या महिन्यात काम सोडून गेलेल्या मुलाने किल्ली परत केली होती का, यातले तिला काहीच ठाऊक नसते. आणि कित्येकदा आपल्यालाही नसते.

1867 च्या सराई कायद्याकडे पाहा. इंग्रजांच्या काळातला, मुख्यतः शिस्त आणि नोंदणीसाठी केलेला कायदा. त्यातसुद्धा सराईवाल्याच्या कर्तव्यांमध्ये एक कर्तव्य असे लिहिले आहे की उतरलेल्या माणसांच्या, जनावरांच्या आणि वाहनांच्या सुरक्षिततेसाठी जिल्हा मॅजिस्ट्रेटला आवश्यक वाटतील तितके पहारेकरी त्याने ठेवावेत. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी बैलाच्याही रक्षणाची जबाबदारी मुक्कामाची जागा चालवणाऱ्यावर होती. आज गाडीच्या बाबतीत ती आहेच. दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलच्या वॅले पार्किंगमधून 1998 साली एक मारुती झेन चोरीला गेली. पार्किंगच्या चिठ्ठीवर ‘गाडी मालकाच्या जबाबदारीवर’ असे छापलेले होते. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि 2019 मध्ये न्यायालयाने सांगितले की गाडी एकदा ताब्यात घेतली की छापील वाक्याआड लपून स्वतःच्या हलगर्जीपणातून हॉटेलला सुटता येणार नाही. वकील मंडळी म्हणतील, तो निक्षेपाचा, म्हणजे वस्तू सोपवण्याचा कायदा आहे, माणूस वस्तू नाही. बरोबर आहे. पण त्या निकालातला युक्तिवाद किल्लीवर उभा आहे : ज्याच्या हाती किल्ली, त्याच्यावर काळजी. खोलीच्या बाबतीत एक किल्ली आपण पाहुणीला देतो आणि दुसरी स्वतःकडे ठेवतो. मग दुसऱ्या किल्लीची काळजी तिने घ्यायची, हा न्याय कुठला?

ही गोष्ट परदेशात न्यायालयात सिद्ध व्हायला दोन बायकांना मोठी किंमत मोजावी लागली. 1974 मध्ये न्यूयॉर्कजवळच्या एका मोटेलमध्ये कॉनी फ्रान्सिस या प्रसिद्ध गायिकेवर तिच्या खोलीत शिरून हल्ला झाला. खोलीच्या सरकत्या काचेच्या दाराला कुलूप होते, पण ते बाहेरून सहज उघडत होते. 1976 मध्ये ज्युरीने तिला पंचवीस लाख डॉलर भरपाई दिली. दुसरे प्रकरण 2008 चे, नॅशव्हिलचे. क्रीडा पत्रकार एरिन अँड्र्यूज हिचा पाठलाग करणाऱ्या माणसाने हॉटेलकडे तिच्या शेजारची खोली मागितली आणि हॉटेलने ती दिली. तिला विचारले नाही, कळवलेही नाही. त्याने दारातल्या भिंगाशी छेडछाड करून तिचे चित्रीकरण केले. 2016 मध्ये ज्युरीने साडेपाच कोटी डॉलरची भरपाई ठरवली, आणि दोषाची वाटणी करताना 51 टक्के वाटा त्या गुन्हेगारावर आणि 49 टक्के हॉटेलच्या मालक व चालक कंपन्यांवर टाकला. ही आकडेवारी मी आपल्याला घाबरवण्यासाठी सांगत नाही. आपल्याकडची न्यायालये इतकी रक्कम देत नाहीत, हे मलाही ठाऊक आहे. पण पहिल्या प्रकरणात कडी नीट नव्हती आणि दुसऱ्यात रिसेप्शनची जीभ आवरलेली नव्हती, एवढे लक्षात घ्या. दोन्ही ठिकाणी कॅमेऱ्याने काही वाचले नसते. कॅमेरा झालेले दाखवतो. आपल्याकडे तर कॅमेऱ्याचा पडदा जेवणाच्या हॉलकडे तोंड करून लावलेला असतो. कोण कधी खोलीत गेले हे चहा पिणाऱ्या कोणालाही दिसते. भारतीय न्याय संहितेचे कलम 77 चोरून पाहणाऱ्याला आणि चित्रीकरण करणाऱ्याला शिक्षा देते, पण शेजारची खोली देणाऱ्याबद्दल ते गप्प आहे.

इथे हरकत येते की एकट्या बाईला खोली देणेच मुळात धोक्याचे. आत्महत्या होते, भानगडी होतात, पोलीस आम्हालाच बोलावतात, मग नकार देणे हीच सुरक्षितता. ही हरकत खोटी नाही. खोलीत मृत्यू झाला की त्या हॉटेलचा हंगाम बुडतो. पण निराश माणसे फक्त बायका असतात आणि त्या एकट्याच येतात, असे कोणी सांगितले? एकटा पुरुष त्याच काउंटरवर पाच मिनिटांत खोली घेऊन जातो. 2017 मध्ये हैदराबादमध्ये एका तरुणीला आगाऊ बुकिंग असूनही केवळ एकटी बाई म्हणून परत पाठवल्याची बातमी देशभर झाली, तेव्हा आपल्यातले बरेच जण ‘हैदराबादची गोष्ट’ म्हणून मोकळे झाले. राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाचा दुसरा भाग मात्र आपल्या धंद्याचे नाव घेऊन बोलतो. दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीची ठिकाणे यांत प्रवेश देताना केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणांवरून आडकाठी करता येणार नाही, असे तो सांगतो. घटनेतल्या बहुतेक मूलभूत हक्कांची बंधने सरकारवर आहेत. हे बंधन सरळ तुमच्या-माझ्या काउंटरवर येते. ‘एकट्या महिलेस खोली मिळणार नाही’ ही पाटी जातीच्या पाटीइतकीच घटनेविरुद्ध आहे. आणि नकाराने सुरक्षितता कशी वाढते? रात्री साडेदहाला परत पाठवलेली बाई सुरक्षित होत नाही, ती फक्त आपल्या हद्दीबाहेर जाते.

मावळाला हे नव्याने शिकण्याची गरज पडू नये. 1 नोव्हेंबर 2007 च्या रात्री बीपीओत कामाला निघालेली एक तरुणी कंपनीने ठरवलेल्या गाडीत बसली, आणि इथून जवळच, आज जिथे क्रिकेटचे स्टेडियम आहे त्या गहुंज्याच्या शिवारात तिच्यावर बलात्कार करून तिचा खून झाला. चालक आणि त्याचा साथीदार दोषी ठरले, फाशीची शिक्षा झाली, आणि अंमलबजावणीतल्या दिरंगाईमुळे 2019 मध्ये उच्च न्यायालयाने ती 35 वर्षांच्या कारावासात बदलली. शिक्षेबद्दल मतभेद असतील. मला त्या प्रकरणानंतरचे शहाणपण महत्त्वाचे वाटते. बायकांनी रात्रपाळी करू नये असे म्हणणारे तेव्हाही होते, पण व्यवस्था उलट दिशेने गेली. गाडीत बाई शेवटी एकटी उरू नये, सोबत रक्षक असावा, चालकाची नोंद आणि तपासणी व्हावी. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाने रात्री साडेनऊनंतर काम करणाऱ्या स्त्रीला, तिच्या संमतीने, संरक्षण देण्याची आणि घराच्या दारापर्यंत पोचवण्याची जबाबदारी मालकावर टाकली. गाडीवाल्याची नोंद होऊ लागली. लॉजवाल्याची का नाही? तळेगाव आणि चाकणच्या कारखान्यांत कामासाठी येणाऱ्या अभियंता, ऑडिटर, प्रशिक्षक बायका आपल्याकडे उतरतात. 2013 च्या लैंगिक छळ प्रतिबंध कायद्यात कामानिमित्त भेट दिलेली जागाही ‘कामाची जागा’ धरलेली आहे. आज कंपन्या आपल्याला दर विचारतात. उद्या त्यांचे मनुष्यबळ विभाग किल्लीचे रजिस्टर मागतील, आणि तेव्हा आपण झेरॉक्सची फाइल पुढे करू.

किल्लीचे रजिस्टर म्हणजे काय, असे सकाळी मला काहींनी हसत विचारले. प्रत्येक खोलीच्या किती किल्ल्या आहेत, मास्टर की किती, कोणत्या वेळी कोणाच्या हाती, कोणी कोणत्या कारणाने दार उघडले, सही. काम सोडणाऱ्याने किल्ली जमा केली का. केली नसेल तर त्या दाराचे कुलूप बदलले का. आतून लागणारी कडी किंवा अडसर, जो मास्टर कीने उघडणार नाही. बाथरूमच्या झरोक्याला जाळी. रिसेप्शनवर खोलीचा नंबर मोठ्याने उच्चारायचा नाही, लिहून द्यायचा. ‘मॅडम कोणत्या रूममध्ये आहेत’ असे फोनवर कोणी विचारले, मग तो भाऊ म्हणो की नवरा, तर निरोप घ्यायचा, नंबर द्यायचा नाही. आग लागली, पाहुणी आत बेशुद्ध पडली तर काय, हा आक्षेप योग्य आहे. म्हणूनच अडसर बाहेरून उघडण्याचे हत्यार मॅनेजरकडे सीलबंद असावे आणि ते दोघांनी मिळून वापरावे. खर्चाचा आक्षेप मात्र मी मानत नाही. ज्या खोलीत आपण मोठा टीव्ही बसवतो, तिच्या दाराला बाजारातली सर्वांत स्वस्त कडी लावतो. अजून एक जण म्हणाले की असे रजिस्टर म्हणजे बिहार, ओडिशा, नेपाळहून आलेल्या आपल्या मुलांवर संशय. मला नेमके उलटे दिसते. आज खोलीतून काही गेले की पहिला हात त्यांच्याच गचांडीला जातो, कारण आपल्याकडे नोंद नसते. प्रामाणिक रूम बॉयला त्या सहीइतके संरक्षण दुसरे काही देत नाही.

वेगळ्या मजल्याबद्दल थोडेच बोलतो. एकट्या बायकांना एका मजल्यावर ठेवणे म्हणजे त्या कुठे आहेत हे साऱ्या गावाला सांगणे. राज्य सरकारने 2023 मध्ये ‘आई’ नावाचे महिला पर्यटन धोरण आणले. त्यात महिला उद्योजकांच्या कर्जावर व्याजाचा परतावा आहे, महिला दिनाच्या आठवड्यात एमटीडीसीच्या निवासात बायकांना निम्म्या दरात मुक्काम आहे. चांगले आहे. पण कडी वर्षभर लागते.

लोणावळ्यातले बंगले आणि पवनेकाठचे तंबू यांच्याबद्दल मला खरी काळजी आहे, आणि तिथे माझ्याकडे तयार उत्तर नाही. बंगल्याचा मालक मुंबईत, बुकिंग व्हॉट्सअॅपवर, किल्ली केअरटेकरच्या घरी. तंबूला तर दार नाही, चेन आहे. तक्रार कुठे करायची तेही पाहुणीला कळत नाही. तळेगाव आणि देहूरोड पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात, वडगाव, कामशेत आणि लोणावळा पुणे ग्रामीणकडे, स्टेशनवर लोहमार्ग पोलीस. मी कैवल्यधामला योग शिकायला आलेल्या परदेशी बाईला हा नकाशा समजावू शकत नाही. 112 हा क्रमांक दाराच्या आतल्या बाजूला, कडीच्या वर, मराठी, हिंदी आणि इंग्रजीत लिहावा. ‘पाहुण्यांनी मौल्यवान वस्तू सांभाळाव्यात’ ही पाटी काढून तिथेच तो लावता येईल.

पुढच्या कामांचे म्हणाल तर एक छोटी समिती लागेल. तिच्यात हाउसकीपिंगमध्ये काम करणाऱ्या दोन बायका असल्याच पाहिजेत, कारण किल्ल्या कुठे पडलेल्या असतात हे मालकांपेक्षा त्यांना जास्त ठाऊक. समितीने रजिस्टरचा एक पानाचा नमुना करावा. दोन्ही पोलीस यंत्रणांकडे तो कसा न्यायचा, बंगलेवाल्यांना त्यात कसे ओढायचे, ते समिती पाहील, किंवा पुढचे अध्यक्ष पाहतील. सकाळच्या सत्रातून महिलांसाठी वेगळ्या मजल्याचा ठराव माझ्याकडे आला आहे, तो मी मतदानाला टाकणार नाही; ज्यांना राग येईल त्यांनी जेवणानंतर भेटावे. त्याऐवजी पावसाळ्याची गर्दी सुरू व्हायच्या आत आपापल्या खोल्यांची दुसरी किल्ली मोजून तिची यादी सचिवांकडे द्यायची, एवढा एकच ठराव मी मांडतो. हात वर करा.