शब्दाची जबाबदारी कोण घेणार?

(महाविद्यालयीन विद्यार्थी व पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



बारावीचा निकाल लागला की अनेक घरांत एक प्रश्न हमखास विचारला जातो. मुलीला मराठी, संस्कृत किंवा इंग्रजी साहित्याची गोडी असते आणि वडीलधारी मंडळी म्हणतात, ''कला शाखेला जाऊन पुढे काय?'' हा प्रश्न गैर नाही. पोटापाण्याचा विचार करावाच लागतो. मात्र भाषेच्या अभ्यासाला दुय्यम लेखून समाज काय गमावतो, याचाही हिशेब मांडला पाहिजे.

बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' सुरू केले. ते पत्र मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत निघे. याच बाळशास्त्रींनी एल्फिन्स्टनमध्ये अध्यापन केले आणि १८४५ साली ज्ञानेश्वरीची शिळाछाप प्रत सिद्ध केली. संपादक, अध्यापक आणि ग्रंथसंशोधक या तिन्ही भूमिका एकाच व्यक्तीत नांदत होत्या.

त्याही मागे जाऊ. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी श्रीचक्रधरस्वामींच्या लीळा संकलित केल्या. ज्यांनी स्वामींना पाहिले, ऐकले, त्यांच्याकडे जाऊन आठवणी मिळवल्या आणि नागदेवाचार्यांकडून पारखून घेतल्या. प्रत्यक्षदर्शीला विचारावे आणि ऐकलेले तपासावे, हा वार्ताहराचा पहिला धडा 'लीळाचरित्रा'च्या जन्मकथेतच आहे. या परंपरेशी नाते असलेल्या रिद्धपूरला आज मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे, हे औचित्यपूर्णच म्हटले पाहिजे.

विद्यापीठांत मात्र साहित्य एका विभागात आणि वृत्तपत्रविद्या दुसऱ्या विभागात बसते. परिणामी एकाला कॅमेरा हाताळता येतो, पण वाक्य पेलत नाही. दुसऱ्याला काव्यशास्त्र येते, पण चार ओळींची बातमी लिहिता येत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने विद्याशाखांमधील भिंती कमी करण्याचा आग्रह धरला आहे. विद्यार्थ्यांनी त्याचा लाभ घ्यावा. साहित्याच्या विद्यार्थ्याने माध्यमांचा आणि माध्यमांच्या विद्यार्थ्याने भाषांतराचा अभ्यास अवश्य करावा.

याची निकड किती आहे, ते एका उदाहरणाने सांगतो. 'संशयित', 'आरोपी' आणि 'दोषी' हे तीन शब्द समानार्थी नाहीत. न्यायालयाने निकाल देण्यापूर्वी एखाद्याला 'गुन्हेगार' म्हणून छापले, तर त्याच्या घराची अब्रू जाते. पुढे तो निर्दोष सुटला, तरी गेलेली अब्रू परत येत नाही. आज संगणक क्षणार्धात बातमी लिहून देतो. त्यातील शब्द योग्य की घातक, हे पारखून त्याची जबाबदारी घेण्यासाठी भाषा जाणणारा माणूसच लागतो.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मान्यता दिली. आपण सर्वांनी आनंद साजरा केला. परंतु भाषेचा गौरव करायचा आणि ती शिकू पाहणाऱ्या आपल्याच मुलीला परावृत्त करायचे, ही विसंगती आहे. पालकहो, तिला अवश्य शिकू द्या. आणि विद्यार्थी मित्रांनो, गुण कमी पडले म्हणून या वाटेला येऊ नका. कष्टाची तयारी असेल, तरच या.