तहहयात उमराव



प्रस्तुत ग्रंथाचा अनुवाद करताना मला सर्वांत अधिक अडवले ते ‘लाइफ पीअर’ या पदाने. १९५८च्या कायद्याने आलेली ही ब्रिटिश उमरावी धारकाबरोबरच संपते, मुलाकडे जात नाही. म्हणून ‘तहहयात उमराव’ हा शब्द योजला. कलकत्त्यात जन्मलेले, साम्राज्यशाहीशी जन्मभर झगडलेले फेनर ब्रॉकवे १९६४ मध्ये अवघ्या ११ मतांनी पडले आणि त्याच वर्षी उमरावसभेत जाऊन बसले. मतदारांनी नाकारलेल्यास असे मागील दार उघडावे काय?

रायपुरात हे विचारताना भंडारा आठवतो. त्या काळी दोन्ही जिल्हे एकाच मध्यप्रदेशात होते. १९५२ मध्ये डॉ. आंबेडकर मुंबईत पराभूत झाले आणि मुंबई राज्याच्या आमदारांनी त्यांना राज्यसभेवर पाठविले. ती जागा तहहयात नव्हे, मुदतीची. परंतु २ सप्टेंबर १९५३ रोजी आंध्र राज्याच्या विधेयकावर बोलताना, स्वतः घडविलेल्या संविधानाविषयीची व्यथा त्यांनी तेथेच उघड केली. ते दार बंद असते तर हे भाषण संसदेच्या दप्तरी आलेच नसते. माझे मत त्यामुळे बदलले, हे कबूल करतो.

आणि ती जागा हाती असतानाच, १९५४ मध्ये, ते लोकसभेसाठी भंडाऱ्यातून पुन्हा मतदारांपुढे उभे राहिले. तेथेही हरले.