चार्जिंगची फाटलेली केबल

गिरगाव, परळ, लालबागच्या चाळींत खाली उभ्या केलेल्या विजेच्या दुचाकीसाठी वरच्या गॅलरीतून वायर सोडली जाते आणि कठड्याच्या कडेवर रोज घासून तिचे आवरण नेमके तेथेच फाटते. ‘बेस्ट’कडून घरात येणारी वीज 230 व्होल्टची असल्यामुळे उघडी पडलेली तार, विशेषतः पावसात ओल्या फरशीवर, जिवावर बेतू शकते. तारा पिळून वर चिकटपट्टी गुंडाळणे ही दुरुस्ती नव्हेच. कारण सैल सांध्यात रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, वाढतो आणि अर्ध्या ओमच्या रोधातून 4 अँपिअरचा प्रवाह वाहिल्यास शेंगदाण्याएवढ्या जागेत 8 वॅट उष्णता निर्माण होऊन प्लॅस्टिक वितळू लागते. म्हणून आधी बटण बंद करून प्लग काढावा आणि प्लग ते चार्जर ही केबल सुटी होणारी असल्यास तितक्याच क्षमतेची, आयएसआय चिन्हाची, अर्थिंगसह तीन तारांची अखंड केबल घ्यावी. चार्जर ते बॅटरी या भागात धन-ऋण टोकांची अदलाबदल झाल्यास बॅटरी बिघडू शकते, त्यामुळे तो भाग उत्पादकाच्या सेवा केंद्रातच बदलून घ्यावा. प्लगची पिन काळवंडली असेल, तर भिंतीवरील सॉकेटही वायरमनकडून तपासून घ्यावे, कारण जळण्याचे मूळ पुष्कळदा तेथेच असते.