एक खांब पळायचा, तीन खांब चालायचे

भाकरी थापता थापता ऐकत असाल तर ऐकत राहा, फक्त तव्याकडे लक्ष असू द्या. मागच्या वेळी आम्ही इथं कर्जाच्या हप्त्यांवर बोललो होतो. आज पळण्यावर बोलणार आहोत. बचत गटाच्या समन्वयकाला पळण्याचं काय पडलंय, असं वाटेल. ऐका तर खरं. आणि गटाच्या कामात 'मी' म्हणायची सवयच मोडली आहे, त्यामुळं स्वतःचं आजारपणही 'आम्ही' करूनच सांगतो. चालवून घ्या.

आम्ही माणदेशातल्या. पाऊस थोडा, अंतरं लांब, तेव्हा इथल्या पोरी पळतात यात नवल नाही. मोहीची ललिता बाबर आपल्याच माण तालुक्यातली. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ती 3000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाली आणि दहावी आली. पी. टी. उषानंतर 32 वर्षांनी एक भारतीय बाई ऑलिंपिकच्या ट्रॅकवर अंतिम फेरीत उभी राहिली होती. आमची गोष्ट एवढी मोठी नाही. बी. ए. ला असताना पोलीस भरतीची तयारी केली, 800 मीटर छान जमत होते, पण उंचीत दीड सेंटिमीटरनं मागं राहिलो. उंची काही पळून वाढत नाही. पुढं लग्न, पोरं, गटाचं काम आलं, तरी पहाटेचं पळणं सुटलं नाही. एका वर्षी साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट चढून 21 किलोमीटर पुरे केले. ते मेडल अजून देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला लटकतंय.

मग खोकला लागला. ज्वारीच्या मळणीचे दिवस होते, धुळीनं असेल म्हटलं. तीन आठवडे तेच म्हणत राहिलो. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं, रात्री घाम यायचा. वजन 52 वरून 44 वर आलं तेव्हा आशाताईंनी हाताला धरून थुंकी तपासायला नेलं. निघाला टीबी.

औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. लघवी लाल-नारंगी होते, त्याला घाबरायचं नाही, ते औषधाचंच असतं. खाण्यापिण्यासाठी निक्षय पोषण योजनेतून पूर्वी महिन्याला 500 रुपये मिळायचे, नोव्हेंबर 2024 पासून 1000 झालेत. हे सगळं आम्हाला तोंडपाठ आहे. दशसूत्रीतला आरोग्याचा मुद्दा दर बैठकीत वाचून दाखवणाऱ्या आम्ही! पण घरात आमचं ताट-तांब्या वेगळं झालं. कुणी काही बोललं नाही, नुसतं वेगळं झालं. टीबी भांड्यातून पसरत नाही, खोकल्यातून हवेवाटे पसरतो, हे सांगायला तेव्हा तोंड उघडलं नाही. आणि गटात विचारलं तेव्हा आम्ही सांगितलं, टायफॉइड.

सहा महिन्यांनी तपासणी चांगली आली. डॉक्टर म्हणाले, हळूहळू सुरू करा. आम्ही 'सुरू करा' एवढंच ऐकलं. दुसऱ्या दिवशी बूट चढवले आणि नेहमीच्या पाच किलोमीटरच्या वाटेनं पूर्वीच्याच वेगानं निघालो. दुसऱ्या वळणावर डोळ्यांपुढं काजवे चमकले आणि मटकन खाली बसलो. दूध घालायला निघालेल्या शेजारच्या पोरानं मोटरसायकलवर दोन किटल्यांच्या मध्ये बसवून घरी आणलं. सासूबाईंनी बूट उचलले आणि माळ्यावर टाकले. म्हणाल्या, "औषधाला सहा महिने दिलेस, पायाला सहा दिवस देववेनात?"

पंधरा दिवसांनी बूट खाली आले, पण खजिनदार वहिनींनी सोबत जायचं या अटीवर. वहिनी हातात काठी घेऊन आल्या. काठी कुत्र्यांसाठी, आणि थोडी आमच्यासाठीही. पहिला महिना नुसतं चाललो, वीस मिनिटं, मग अर्धा तास. नंतर रस्त्याकडेचे विजेचे खांब मोजायला लागलो. एक खांब पळायचा, तीन खांब चालायचे. असं आठ वेळा, तेही एक दिवसाआड. पंधरा दिवस ते अंगवळणी पडलं की दोन खांब पळायचे, तीन चालायचे. पळताना शेजारणीशी भांडता आलं पाहिजे, एवढाच वेग. भांडताना शब्द तुटला तर वेग जास्त झाला. सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी नाडी मोजायची. आमची एरवी 68 असते. ज्या दिवशी 78 लागेल, त्या दिवशी बूट घालायचे नाहीत. पाच किलोमीटरला पुन्हा पोचायला साडेचार महिने लागले. पूर्वी तेवढ्या वेळात आम्ही घाटाची तयारी केली असती. राग यायचा. लहान पोरंसुद्धा पुढं निघून जायची आणि मागं वळून हसायची.

पण त्या खांबांमुळंच बाकीच्या बाया आल्या. आधी आम्ही झपाझप पळायचो तेव्हा कुणी आली नाही. चार पावलं पळून चालायला लागणारी बाई दिसली, तेव्हा त्यांना वाटलं, एवढं तर आपल्यालाही जमेल. बघता बघता अकराजणी झालो. सगळ्यात धाकटी 22 ची, थोरली आक्का 58 ची. पारावरून विचारणा व्हायची, "काय वहिनी, पोलीस भरतीला निघाला काय?" आक्का म्हणायच्या, "तुम्हालाच पकडायचंय."

शिकवताना चुका झाल्या, त्याही सांगतो. अकराजणी झाल्यावर आम्हाला जरा चढलं. शिट्टी आणली, वेळ लावायला लागलो. एका संकष्टीला आमच्यातली एक चक्कर येऊन पडली. उपवास होता आणि आदल्या रात्रीपासून पोटात फक्त चहा. उपकेंद्रात रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन 8. बाईमाणसाचं 12 तरी हवं. तिला आम्ही चौथ्याच दिवशी दोन खांब पळवले होते. शिट्टी पोरांना खेळायला देऊन टाकली. आता नवी बाई आली की आधी रक्त तपासून येते, कमी असेल तर लोहाच्या गोळ्या घेत नुसती चालते. गोळीबरोबर लिंबू-पाणी घ्या, चहा तासभर लांब ठेवा. उपवासाच्या दिवशी आम्ही पळत नाही, देवाला काही वाटत नाही.

आणखी एक गोष्ट, जी कुणी मोठ्यानं बोलत नाही. बाळंतपणं झालेल्या कितीतरी जणींना पळताना लघवीचे थेंब जातात आणि त्या लाजेनं यायचं बंद करतात. निघण्याआधी जाऊन या. लघवी रोखून धरताना जे स्नायू आवळतो ते दिवसातून दोन-तीन वेळा, दहा-दहा वेळा आवळून सोडायचे. भाजी निवडताना होतं, कुणाला कळत नाही. दोन-तीन महिने लागतात. तरीही त्रास राहिला तर डॉक्टरांशी बोला. साडीवर पळलात तरी चालेल, पण आतले कपडे घट्ट बसणारे हवेत आणि पायात स्लीपर नको.

आता त्या 22 वर्षांच्या पोरीचं. नवी सून, पळायला हौशी. ती खोकायची. सगळ्या म्हणाल्या, नवीन पळणारीला खोकला येतोच. येतोही. पण हिचा कुडता खांद्यावरून लोंबायला लागला होता आणि थांबली की ती बरगडीला हात लावायची. एका खांबाशी आम्ही विचारलं, "किती दिवस झाले गं?" ती म्हणाली, "धुळीनं होतंय, ताई." आमचाच शब्द.

दोन आठवड्यांवर खोकला गेला की थुंकी तपासायची, हे तिला सांगितलं. ऐकेना. शेवटी खरं सांगितलं, की आम्हालाही टीबी झाला होता. ती बघतच राहिली. "तुम्हाला टायफॉइड झाला होता ना? आणि तुम्ही आमच्याच बाटलीतलं पाणी प्यालात?" पूर्ण औषध घेतल्यावर आमच्यापासून धोका नव्हता, बाटलीतून तर नव्हताच. पण आम्ही खोटं बोललो होतो, त्याला उत्तर नव्हतं. ती वळून घरी गेली.

चार दिवसांनी आशाताईंबरोबर तपासायला गेली. टीबीच निघाला. तिच्या घरचे म्हणाले, पळवून पळवून पोरीला रोग लावला. तिघीजणी यायच्या बंद झाल्या. घरच्यांची आणि आम्हा सगळ्या पळणाऱ्यांची तपासणी झाली, कुणाला काही निघालं नाही, तरी बोलणं थांबेना. मग ग्रामसंघाच्या बैठकीत आम्ही उभं राहून सगळं सांगितलं. टीबी, वेगळं ताट, टायफॉइडचं खोटं. हात कापत होते. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग खजिनदार वहिनींनी वही उघडली. "बैठकीत खोटी माहिती दिली, दंड 50 रुपये. पावती घेऊन जा." आधी कुणीतरी हसलं, मग सगळ्या हसल्या. दंड मात्र खरंच भरावा लागला.

तिघींतल्या दोघी परत आल्या. तिसरी रस्त्यात भेटली तर बोलते, पळायला येत नाही. सूनबाईंचा आता चौथा महिना आहे. महिनाभर तिनं आमच्याशी अबोला धरला होता. आता पहाटे शाल गुंडाळून तिसऱ्या खांबापर्यंत चालत येते. डॉक्टरांनी पळायची परवानगी अजून दिलेली नाही. ती तिथं उभी राहून आमचे खांब मोजते, आणि कुणी एक खांब जास्त पळाली की तिथून ओरडते.

कुणाला यायचं असेल तर पहाटे साडेपाचला शाळेच्या मागं या. सोमवार, बुधवार, शुक्रवार. रक्त तपासल्याची चिठ्ठी आणा. दोन आठवड्यांपेक्षा जुना खोकला असेल तर आधी दवाखाना. पाण्याची बाटली नसली तरी चालेल, आमच्याकडं आहे.