नावेंतील जुनें एंजिन

औंध संस्थानच्या माळरानावर १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसली आणि तेथें लोखंडी नांगर तयार होऊं लागले. पुढें १९४६ सालीं खडकीस किर्लोस्करांचा तेल-एंजिनांचा कारखाना निघाला. सांगली-साताऱ्याच्या मळ्यांतून मोट हळूहळू मागें पडली; मग विजेचे पंप आले, आणि तीं एंजिनेंहि गोठ्याच्या कोपऱ्यांत गंजत पडलीं.

इकडे १९६४ सालीं कोयनेचें धरण पुरें झालें आणि शिवसागराच्या पाण्यानें खोऱ्यांतले जुने रस्ते गिळले. बामणोली-तापोळ्याच्या बाजूस नाव हाच रस्ता झाला. तेथें एंजिन भर पाण्यांत बंद पडणें म्हणजे बैलगाडीचें चाक मोडणें नव्हे. गाडींतून खालीं तरी उतरतां येतें.

जुन्या एंजिनाचा दट्ट्या बहुधा नळकांड्यांत धरून बसलेला असतो. उतावळा मनुष्य तेथें घण उचलतो आणि काम कायमचें बिघडवितो. जाणता मिस्त्री आंत रॉकेल व वंगण ओतून आठवडाभर थांबतो, आणि रोज जड चाकाला बोटभर मागेंपुढें हेलकावा देतो. दट्ट्या सुटल्यावर नळकांड्याची झीज मोजावी. भिंतीवरचा ओरखडा नखाला लागला, तर नुसत्या नव्या कड्यांनीं भागत नाहीं. पाणी खेळणाऱ्या पोकळींतील गाळ व क्षार काढल्यावांचून रंगाचा ब्रश हातीं धरूं नये. पुष्कळ जीर्णोद्धार रंगावरच संपतात!

मळ्यांत एंजिनाखालीं दगडी चौथरा असतो. नावेंत तो कोठला? सागाच्या दोन लांब तुळया अनेक फासळ्यांना बोल्टांनीं जखडाव्या, म्हणजे हादरा वांटला जातो. शिवाय पंखा पाणी मागें लोटतो तेव्हां आपल्या दांड्याला पुढें रेटतो. तो रेटा झेलणारें वेगळें बेअरिंग नसेल, तर सारा भार एंजिनाच्या आंसावर येतो. मळ्यांतल्या एंजिनाला याची संवयच नसते.

एंजिन व दांडा यांची रेघ कांठावर जुळविली म्हणजे झालें, असें नाहीं. लांकडी नाव पाण्यांत उतरली कीं तिचें अंग थोडें बदलतें. म्हणून ती दोन दिवस तरंगूं द्यावी, जोड-तबकड्यांमधील फट चारी बाजूंनीं पुन्हां मोजावी आणि मगच बोल्ट शेवटचे आवळावे. दांडा नावेबाहेर जातो तेथें चरबी लावलेली सुती दोरी भरतात. ती फार दाबली तर दांडा तापतो. चालतांना तेथून थेंब थेंब पाणी आलेंच पाहिजे. नवखा त्याला गळती समजून पाना घेऊन धांवतो.

पहिली फेरी उतारू न घेतां, कांठाकांठानें आणि वल्हीं बरोबर ठेवून करावी.