गोडसे भटजींची कावड

वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाले ते दक्षिणेच्या आशेने. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, अशी वार्ता होती. वाटेतच स्वातंत्र्यसमराचा वणवा पेटला. १८५८ मध्ये झाशीचा वेढा आणि कत्तल त्यांनी प्रत्यक्ष पाहिली. मिळविलेले द्रव्य लुटले गेले. कमाईच्या हिशेबाने हा प्रवास पुरता फसलाच! परंतु निघालेल्या भिक्षुकात एक यात्रेकरूही होता. तो लुटला गेला नाही. गंगेची कावड घेऊन भटजी घरी परतले आणि वृद्ध मातापित्यांना त्यांनी गंगास्नान घडविले. (हल्ली काशीहून परतलेली मंडळी प्रथम हॉटेलातील गैरसोयी सांगतात.) भटजींनी पुढे लिहिलेला ‘माझा प्रवास’ चिंतामणराव वैद्य यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात लुटीचे दुःख आहे, पण तीर्थदर्शनाचा आनंद त्याने झाकोळलेला नाही.