गरुडाची मूर्ती

भिलाई म्हटले की डोळ्यांपुढे उभी राहते ती झोतभट्टी. पहिली भट्टी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली. पण या भूमीची धातुकला त्याहून पुष्कळ जुनी आहे. याच दक्षिण कोसलात, पाचव्या-सहाव्या शतकांच्या सुमारास, सोन्याच्या पातळ पत्र्यावर मागून ठोकून उठावाची नाणी घडवीत. महेंद्रादित्य आणि प्रसन्नमात्र यांच्या नाण्यांवर पंख पसरलेला गरुड आहे. सोबत शंख आणि चक्र.

राजांना हा पक्षी का आवडावा? रोमन सैन्यदलांनीही गरुडच आपल्या दंडावर मिरविला. उंची, तीक्ष्ण दृष्टी, अचूक झेप. सत्तेला हवे ते सारे त्याच्या ठायी आहे. दिवाणखान्यात पितळी गरुड मांडणाऱ्यासही मोह पडतो तो याचाच.

आपल्या परंपरेने मात्र त्यात आणखी एक अर्थ भरला. महाभारतातील गरुड आई विनतेला दास्यातून सोडविण्यासाठी अमृत आणतो. स्वतः मात्र त्याचा थेंबही चाखीत नाही. हा निर्लोभ पाहून विष्णू प्रसन्न होतो आणि त्याला आपल्या ध्वजावर स्थान देतो. म्हणजे ते उच्चासन बळाचे नव्हे, संयमाचे बक्षीस आहे. देवापुढचा गरुड हात जोडून असतो आणि पंढरीचा वारकरी गरुडखांबाला मिठी मारतो, ती या सेवाभावापोटीच.

तेव्हा श्रोतेहो, गरुडाची मूर्ती निवडताना पंखांचा विस्तार जरूर पाहावा. पण जोडलेल्या हातांकडेही दृष्टी जाऊ द्यावी.